एक घर, दोन बिऱ्हाडं, चौदा कबुतरं

९ सप्टेंबर, सोमवार

आज पोस्टमनने दारातून दोन तपकिरी पाकिटं टाकली. एक माझ्या नावाचं, एक नेव्हिलच्या. दोन्हींवर आडनाव स्किपवर्थच. घटस्फोटाला तेरा वर्षं झाली तरी मी आडनाव बदललेलं नाही, कारण मला फॉर्म भरायचा कंटाळा आहे. दुसरं काही कारण नाही.

पत्रात म्हटलंय की जुने भत्ते बंद होणार. माझी घरभाड्याची मदत, माझ्या तुटपुंज्या पगारावर मिळणारी मदत, नेव्हचा आजारपणाचा भत्ता, सगळं जाणार आणि त्याऐवजी सगळ्यांचं मिळून एकच नवीन, युनिव्हर्सल क्रेडिट. ते आपोआप मिळणार नाही. नऊ डिसेंबरच्या आत आपण मागायचं. नाही मागितलं तर जुनंही गेलं आणि नवंही नाही. वर या पत्राचं नाव काय, तर स्थलांतराची सूचना! मी ग्रिम्सबीत जन्मले, याच गल्लीत एकसष्ट वर्षं काढली, आणि आता म्हणे माझं स्थलांतर.

शाळेच्या स्वयंपाकघरात माझ्याबरोबर पॉलीन वाढायला असते. तिचं हे सगळं उन्हाळ्यातच उरकलं. ती म्हणाली, "हेझल, आजपासून सगळं लिहून ठेव. कोण काय म्हणालं, कुठल्या तारखेला. पुढे कामाला येतं." म्हणून ही वही. कुणाला दाखवायची नाही, विशेषतः नेव्हला. त्याला माझा चष्मा घालून माझ्या वस्तू वाचायची खोड आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पॉलीनने आज उकडलेले वाटाणे वाढता वाढता बाँब टाकला.

"घरात आणखी कोण राहतं, असं विचारतात. तू काय सांगणार?"

"नेव्ह राहतो. मागच्या खोलीत. मी पुढच्या. भाड्याच्या करारावर दोघांची नावं आहेत, आपापलं भाडं आपण भरतो. तेरा वर्षं असंच चाललंय."

"बाईसाहेब, नवरा-बायको होतात, एका घरात राहता, एकच आडनाव लावता. ते म्हणतील, हे जोडपंच आहे. मग दोघांचा मिळून एकच अर्ज, पैसे कमी, आणि तेही एकाच खात्यात."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. पैसे कमी, हे एक झालं. पण एकाच खात्यात? पंचवीस वर्षं संसार केला तेव्हा सगळं त्याच्या खात्यात असायचं. माल्टाला जायला साठवलेले पैसे एका संध्याकाळी कबुतरांच्या नव्या ढाबळीत गेले, आणि मला कळलं ते सुताराकडून. आता माझ्या नावाचं खातं आहे, माझ्या नावाचं कार्ड आहे. ते मी कुणासाठीही सोडणार नाही. आम्ही जोडपं नाही हे सिद्ध करायचं म्हणजे करायचं.

घरी येऊन नेव्हला सांगितलं. तो जिन्यावर बसून बूट काढत होता. चाळीस वर्षं माशांना धुरी देण्याच्या कारखान्यात काढल्यामुळे त्याची छाती कामातून गेलीय, बूट काढायलाही त्याला धाप लागते.

"मग आपण भांडायचं का?" त्याने विचारलं.

"भांडायचं नाही. वेगळं राहायचं."

"राहतोच की."

"आणखी वेगळं," मी म्हटलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

फ्रिजमध्ये मधोमध चिकटपट्टी लावली. वरचे कप्पे त्याचे, खालचे माझे. किटल्या दोन, टॉवेलच्या खुंट्या दोन, साबण दोन. दुधाच्या बाटल्याही दोन. नेव्हला म्हटलं, माझ्या दुधाला हात लावायचा नाही.

"तुझं संपलं तर?"

"तर मी काळा चहा पिईन."

"तुला काळ्या चहाने जळजळ होते."

याला काय करायचंय माझ्या जळजळीशी?

२२ सप्टेंबर, रविवार

रविवारचं जेवण वेगवेगळं केलं. त्याने कोंबडीची एक तंगडी भाजली, मी एक तंगडी भाजली, एकाच ओव्हनमध्ये, दोन ट्रेमध्ये. एकमेकांकडे पाठ करून जेवलो. मीठ मात्र एकच होतं, ते मागे न बघता हातोहात देत होतो.

पंचाईत झाली ती यॉर्कशर पुडिंगची, त्या मैदा-अंड्याच्या भाजलेल्या फुगीर वाट्यांची. ट्रेला खड्डे बाराच असतात, आणि एकटीसाठी तीन करायला बसलं तर ती धड फुगत नाहीत. माझी आई बारा करायची, मीही बाराच करते. मग उरलेली नऊ बशीत घालून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवली. जिना कुणाचाच नाही. ती कुणी खाल्ली हे मी पाहिलेलं नाही आणि विचारणारही नाही. बशी धुऊन परत आली.

३ ऑक्टोबर, गुरुवार

लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर अर्ज भरला. 'तुम्ही जोडीदाराबरोबर राहता का?' असा प्रश्न आला. मी 'नाही'वर बोट असं आपटलं की शेजारी पेपर वाचणारे आजोबा दचकले.

शेजारच्या कॉम्प्युटरवर नेव्ह होता. त्याचं बोट त्या प्रश्नावर पाच मिनिटं अधांतरी.

"काय झालं?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"काही नाही. वाचतोय."

"त्यात वाचण्यासारखं काय आहे? एका ओळीचा प्रश्न आहे."

"एकच ओळ आहे खरी," तो म्हणाला आणि त्याने एकदाचं दाबलं. अर्जाच्या कामातही ढिम्म आहे तो.

१६ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसातून निरोप आला. एकाच पत्त्यावर दोन अर्ज, म्हणून मिस गिलियट नावाच्या बाई चोवीस तारखेला घर बघायला येणार. त्याआधी दोघांनी आपापल्या हाताने लिहून पाठवायचं की आम्ही वेगळे कसे राहतो.

मी रात्रीचं जेवण सोडून बसले आणि नऊ पानं लिहिली. काहीही वगळलं नाही. तो टोस्ट जळेपर्यंत भाजतो आणि मग चाकूने खरवडतो, सगळा भुगा सिंकमध्ये. झोपेत डाव्या कुशीवर असला की घोरतो, उजव्या कुशीवर शीळ घालतो. मोजे काढताना एक उलटा, एक सुलटा. हवामानाच्या बातम्या लागल्या की कुणी बोललेलं चालत नाही, कारण कबुतरं. आमच्या मुलीच्या नावाने, जी जन्मली आणि दोन दिवसांत गेली, तो दर मार्चमध्ये एका पिल्लाचं नाव ठेवतो आणि मला सांगत नाही, पण मला कळतं. हे शेवटचं खोडणार होते. मग म्हटलं राहू दे, पुरावा आहे.

आणि जून २०१०. त्याचीच दोन पानं. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, क्लबात साठ माणसं, सँडविचेस, तीन मजल्यांचा केक. केक घेऊन नेव्हने चार वाजता यायचं होतं. साठ माणसं दाराकडे बघत बसली. हा आला सव्वासातला, कारण शर्यतीला सोडलेली एक कबुतरी परतायची राहिली होती आणि हा तिची वाट बघत अंगणात उभा. केक त्याच्याच शेजारी, उन्हात. पुढच्या वर्षी मी घटस्फोट घेतला. ती कबुतरी अजून आहे. डचेस तिचं नाव. पंधरा वर्षांची म्हातारी झालीय आणि माझ्याकडे अशी बघते की जणू मीच तिच्या घरात भाडेकरू आहे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

मिस गिलियट आल्या. तिशीतल्या असतील, ओला रेनकोट, हातात टॅब. चिकटपट्टी दाखवली. किटल्या दाखवल्या. त्यांनी सगळं टिपून घेतलं. मला वाटलं, जिंकलो.

मग मी चहा केला. तिघांचा. त्यांना विचारलं, साखर किती? नेव्हला काही न विचारता कप पुढे केला. मिस गिलियट त्या कपाकडे बघत राहिल्या.

"मिस्टर स्किपवर्थ औषधं घेतात का?" त्यांनी कागदात बघत विचारलं.

"सकाळची पांढरी खाल्ल्यावर, पंप दोनदा, रात्रीची गुलाबी झोपताना. गुलाबी घेतल्यावर केळं खायचं नाही," मी म्हटलं.

"मी त्यांना विचारत होते."

"भिंत पातळ आहे. ऐकू येतं सगळं."

नेव्हने आपला कागद वाचायला चष्मा लावला. माझा. लाल फ्रेमचा, कडेला फुलं. मी डोळ्यांनी खुणा केल्या तर म्हणतो कसा, "काय गं, डोळ्यात काही गेलं का?"

आणि त्याचा जबाब! मिस गिलियटनी मोठ्याने वाचला. तीन ओळी. 'हेझल स्किपवर्थ आणि मी एका घरात वेगळे राहतो. बाई चांगली आहे. तिच्याविरुद्ध मला काहीही सांगायचं नाही.'

मला रडूच कोसळायचं बाकी होतं. मी इथे पेन झिजवलं आणि हा मेला माझी स्तुती करतोय! असं कोण सिद्ध करतं?

"तुमची मात्र नऊ पानं आहेत," मिस गिलियट मला म्हणाल्या. "मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल एक पान लिहू शकेन की नाही, शंकाच आहे."

"लग्न झाल्यावर सुचेल," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. निर्णयाला काही आठवडे लागतील म्हणाल्या. दारात जाता जाता म्हणाल्या, "दोघांचे पत्ते वेगळे असते तर प्रश्नच आला नसता." नेव्ह जिन्यावर उभा होता. त्याने ऐकलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

नेव्ह त्याच्या बहिणीकडे, ॲव्हरिलकडे, अल्फर्डला राहायला जातोय. तिच्याकडे एक खोली आहे आणि मागे शेड, कबुतरांना पुरेल.

"तुझं खातं तुझ्याकडे राहील," तो म्हणाला. "माझ्यापायी तुझी अडचण नको."

"छान," मी म्हटलं.

"छान ना?"

"उत्तम. मागच्या खोलीत मी शिवणाचं मशीन ठेवीन."

"तुझ्याकडे मशीन कुठाय?"

"घेईन."

तो मान हलवत ढाबळीकडे गेला. तिथे त्याला बराच वेळ लागला.

९ नोव्हेंबर, शनिवार

गेला. ॲव्हरिलच्या गाडीत दोन बॅगा, औषधांची पिशवी आणि वेताच्या दोन टोपल्यांत चौदा कबुतरं. माझी चांगली कढई दिली, कारण ॲव्हरिलकडची सगळी भांडी पातळ आहेत आणि याला अंडं करपवल्याशिवाय येत नाही. औषधांचा तक्ता करून पिशवीला डकवला.

"येतो," म्हणाला.

"येतो नाही, जातो म्हण. तेच तर सिद्ध करायचंय."

दिवस फार चांगला गेला. घर स्वच्छ. सिंकमध्ये भुगा नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवस फार चांगला गेला. यॉर्कशर पुडिंग बारा केली. तीन खाल्ली. उरलेली जिन्यावर ठेवली आणि मग आठवलं.

हवामानाच्या बातम्या लागल्या तेव्हा मी गप्प बसले. सवय.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

निर्णय आला! फोनवर अर्जाच्या खात्यात संदेश आला: तुम्ही दोघं जोडपं म्हणून राहत नव्हता असं मान्य, अर्ज स्वतंत्र, मंजूर. म्हणजे नेव्ह इथे असतानाचं सगळं बघूनच हे ठरलं. मी स्वयंपाकघरात ओरडले, "झालं रे!" आणि जिन्याकडे बघितलं.

मग पॉलीनला फोन केला.

"अभिनंदन," ती म्हणाली. "म्हणजे तो न जाताही चाललं असतं."

"हो."

"मग सांग ना त्याला परत ये म्हणून."

"मी कशाला सांगू? तो काय माझा नवरा आहे? त्यालाही आलाच असेल संदेश. यायचं असेल तर येईल, तोंड आहे त्याला."

मग पॉलीन म्हणाली की तिच्या साठाव्या वाढदिवसाचा केक मीच करायचा. तेवीस तारीख, शनिवार, क्लबात दोन वाजता. आमचाच तो क्लब.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी पडदा सरकवला तर ढाबळीच्या छपरावर चौदाच्या चौदा कबुतरं! डचेस पुढे, पाटलीणबाईसारखी.

फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"तुझी पाखरं इथे आली आहेत."

"अरेच्चा," नेव्ह म्हणाला. "जरा पाय मोकळे करायला सोडली होती. असं करतील असं वाटलं नव्हतं."

आता बोला! चाळीस वर्षं कबुतरं पाळतोय हा. जिथे जन्मलं तिथेच कबूतर परततं, म्हातारं पाखरू नव्या जागी कधीही मोकळं सोडायचं नाही, हे यानेच मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं, आणि मी विसरले नाही तर हा कसा विसरला? वय झालं.

दोन बस बदलून अडीच तासांनी आला. पाखरांना अर्धा तास लागतो. चहा पाजला, पाहुणा म्हणून. टोपल्यांत भरून घेऊन गेला. निर्णयाबद्दल काही बोलला नाही, मग मीही नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा छपरावर! पुन्हा "अरेच्चा"! पुन्हा अडीच तास, आणि नेमका जेवणाच्या वेळेला. पुडिंग बारा होतीच. टेबलावरच बसला, जिन्यावर बशी नेण्यात काय अर्थ होता.

"अरे, महिनाभर कोंडून ठेव त्यांना," मी म्हटलं.

"कोंडल्यावर उदास होतात गं."

"मग सोडू नकोस."

"बघतो," म्हणाला आणि सातवं पुडिंग घेतलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

तिसऱ्यांदा. मी पॉलीनला शाळेत सगळं सांगितलं, की बघ, या माणसाचं डोकं कसं चालेनासं झालंय. ती इतकी हसली की तिला कस्टर्डचं पातेलं खाली ठेवावं लागलं. काय एवढं हसण्यासारखं होतं, ते सांगेना. मला तर काळजी वाटते. उद्या गुलाबी गोळी सकाळी घेईल.

२३ नोव्हेंबर, शनिवार

हे सावकाश लिहिते, हात अजून गार आहेत.

सकाळी चौथ्यांदा पाखरं आली. पण तेराच. डचेस नव्हती. मी फोन केला. नेव्ह या वेळी "अरेच्चा" म्हणाला नाही. "नीट मोज," म्हणाला. मी तीनदा मोजली. त्याचा आवाज असा झाला की मी पटकन म्हटलं, "लगेच ये."

साडेबाराला आला तो धापा टाकत. म्हणाला, तिला सोडायचं नव्हतं, थंडीत तिला झेपत नाही, पण टोपलीचं झाकण उघडल्यावर इतरांबरोबर तीही निघाली. वाटेत ससाण्याने गाठलं असेल. "माझी चूक," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याला एवढं घाबरलेलं आमच्या मुलीच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

पॉलीनचा केक तयार होता, दोन मजली, वर आयसिंगची फुलं. मी चांगला निळा ड्रेस घातला होता. दीड वाजता निघायचं होतं. दीड वाजता म्हटलं, पाच मिनिटं बघू. त्याला एकट्याला त्या गारठ्यात सोडणं बरं नव्हतं, छाती भरली असती. ड्रेसवर त्याचा जुना कोट चढवला. दोघं अंगणात उभे राहिलो, माना वर.

"पश्चिमेला बघू नकोस," तो म्हणाला. "दक्षिणेकडून येईल. चर्चच्या मनोऱ्याच्या डावीकडे."

मी डावीकडे बघत राहिले. काहीही नसतं तिथे. नुसतं करडं आभाळ. पण नजर काढवत नाही, कारण आपण नजर काढली आणि नेमकी तेव्हाच आली तर? आणि आलीच नाही तर, आपण बघत नव्हतो म्हणून नाही आली, असं वाटतं. मला हे माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. की त्याने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, देव जाणे.

पावणेचार होत आले, उजेड जायला लागला. अंधारात कबूतर उडत नाही. मी त्याचा हात धरला, म्हणजे कोटाच्या बाहीवरून.

आणि ती आली. उडत नाही, जवळजवळ चालत. शेजारच्या भिंतीवर उतरली, तिथून शेडवर, तिथून ढाबळीच्या फळीवर. शेपटीची तीन पिसं गायब. माझ्याकडे बघितलं तिने, तसंच, भाडेकरूकडे बघावं तसं. मी तिला शिव्या घातल्या. रडत घातल्या, लाज कशाची.

तेवढ्यात मागचं फाटक वाजलं. पॉलीन, सोनेरी ड्रेसमध्ये, डोक्यावर कागदी मुकुट, आणि मागे क्लबातली निम्मी माणसं.

"केक," ती म्हणाली. "चाळीस माणसं दोन तास दाराकडे बघतायत."

मी तोंड उघडलं. माझ्या अंगावर नेव्हचा कोट, हातात त्याची बाही, नाक लाल.

"कबुतरी यायची राहिली होती गं," मी म्हटलं.

पॉलीनने माझ्याकडे बघितलं, नेव्हकडे बघितलं, डचेसकडे बघितलं. मग म्हणाली, "हेझल, याच एका वाक्यासाठी तू या माणसाला घटस्फोट दिला होतास."

कुणी हसलं नाही आधी. मग नेव्हच हसला, आणि त्याला खोकल्याची उबळ आली, आणि मी आत पंप आणायला धावले.

केक आमच्याच स्वयंपाकघरात कापला. नेव्ह राहिला. शेवटची बस गेली होती.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आजही बस गेली होती. सकाळी दहा वाजता.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

लायब्ररीत गेलो, दोघं, एकाच कॉम्प्युटरवर. 'परिस्थितीत बदल कळवा' असं एक बटण आहे. मला पक्कं माहीत आहे काय करतेय ते. वेगळेपणाची मंजुरी हातात आहे, ती सोडायची. दर महिन्याला कमी मिळेल. मी मूर्ख नाही. मला तो घरात हवाय, आणि ते लपवून राहायचं असेल तर मला जमणार नाही, कारण माझ्या तोंडात काही राहत नाही, नऊ पानं लिहिली तेव्हाच कळलं.

मिस गिलियटना आधी फोन केला. त्या म्हणाल्या, "मिसेस स्किपवर्थ, तुम्ही तर जिंकला होता."

"जिंकले होते," मी म्हटलं. "करमत नव्हतं."

पडद्यावर प्रश्न आला: जोडपं म्हणून एकत्र राहायला कुठल्या तारखेपासून सुरुवात केली?

"कुठल्या वेळचं विचारतायत?" नेव्हने विचारलं.

मी तेवीस नोव्हेंबर लिहिलं. मग पुढचा प्रश्न: पैसे कुणाच्या खात्यात जमा करायचे? माझं बोट थांबलं. नेव्हने लाल फ्रेमचा चष्मा लावला, प्रश्न दोनदा वाचला आणि माझ्या पर्समधून माझं कार्ड काढून कीबोर्डवर ठेवलं.

"मी मागत जाईन तुझ्याकडे," तो म्हणाला. "मक्याचे दाणे संपलेत, बाय द वे."

"नाही मिळणार," मी म्हटलं. येताना घेतले. पाच किलो.

घरी येऊन फ्रिजमधली चिकटपट्टी काढली. काढताना मुलामा निघाला, ती रेघ आता राहणारच. दुधाची बाटली एकच आणली, मोठी.

संध्याकाळी नेव्हच्या उरलेल्या बॅगेचं विचारायला ॲव्हरिलचा फोन आला. म्हणाली, "हेझल, बरं झालं बाई, नेलंस त्याला. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी उठून कोट घालायचा, बूट घालायचा, टोपल्या उघडायचा आणि मग फोनपाशी खुर्ची ओढून बसायचा. मी म्हटलं, बाहेर जायचंय का? तर म्हणे, नाही, बोलावणं येईल."

घरात, कोट घालून, हीटर सुरू असताना! मग बाहेर पडल्यावर छाती भरणार नाही तर काय होईल? आत्ताच वर जाऊन त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो डाव्या कुशीवर होता. नुसता हसत होता, आणि का हसतोय ते मला कळायला जिना उतरून खाली येईपर्यंतचा वेळ लागला. तिसऱ्या पायरीवरून परत वर गेले.